नदीकडचा फ्लॅट

आमच्या गल्लीत कुठलाही वाद मिटवायची एकच रीत होती, चिठ्ठ्या टाकायच्या. सांगलीच्या जुन्या भागात, कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर ही गल्ली. सात घरं या बाजूला, सात त्या बाजूला, आणि मधून हातगाडी जाईल पण रिक्षा अडकेल एवढा रस्ता. टँकर आला की पहिली घागर कुणाची, गणपतीत पहिल्या दिवशीची आरती कुणाची, वऱ्हाडाच्या गाडीत खिडकीजवळ कोण बसणार, सगळं चिठ्ठीवर ठरायचं. एकदा एकाच दिवशी दोन घरांत बारसं आलं. गल्लीत मांडव एकच मावत होता. चिठ्ठी काढली, आणि हरलेल्या बाळाचं नाव आठ दिवस उशिरा ठेवलं. तोवर ते बिनतक्रार नुसतं 'बाळ' म्हणून राहिलं.

चिठ्ठी काढायचा मान माझ्या आईचा. मान मिळायचं कारण एवढंच की तिला दिसत नव्हतं. काचबिंदूनं तिचे डोळे हळूहळू गेले होते. उजेड आणि अंधार कळायचा, समोर माणूस आहे एवढं कळायचं, कोण आहे ते आवाजावरून. आधी हे काम निवृत्त सुभेदारांकडे होतं. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेला, शिस्तीचा, सरळ माणूस. पण आपल्या घराच्या चिठ्ठीची घडी जरा जाड घालताना ते एका गणपतीत पकडले गेले. देशाच्या सीमेवर जे जमलं ते त्यांना आरतीच्या मोहापुढे जमलं नाही. तेव्हापासून गल्लीनं एकमतानं ठरवलं की चिठ्ठी काढणारं माणूस आंधळंच पाहिजे. आई हसून म्हणायची, "माझं डोळं गेलं आन् गल्लीला न्याय मिळाला."

आमच्या आणि शेजारच्या काकींच्या स्वयंपाकघरात एकच भिंत होती. मागे एका महापुरात त्या भिंतीचा तुकडा ढासळला. बुजवायला म्हणून आम्ही विटा आणल्या, त्या काकींनी तुळशीच्या कट्ट्याला लावल्या, आणि भगदाड तसंच राहिलं. पुढं काकींनीच सुतार बोलावून त्याला चौकट बसवून घेतली. भाकरी, मीठ, विरजण, औषधाची गोळी, भांडणं, सगळं त्यातून यायचं-जायचं. रोज सकाळी दहाला काकी पलीकडच्या बाजूला पाट टाकून बसायच्या आणि आईला पेपर वाचून दाखवायच्या. पेपर म्हणजे निधन वार्ता. देशात काय चाललंय याच्याशी दोघींना देणंघेणं नव्हतं.

"तासगावचे द्राक्ष बागायतदार," काकी वाचायच्या. "वय ब्याऐंशी."

"ब्याऐंशी म्हंजे झालं की. मागं कोण कोण हाय?"

"तीन मुलं, सुना, नातवंडं, पणतू."

"मग सोनं झालं त्यांचं. म्होरं वाच."

ज्याच्या मागं कुणीच नसायचं, त्याचं नाव काकी पुन्हा एकदा वाचायच्या. मग काकी पुढचं वाचायच्या आणि आई हातानं चाचपत मेथी निवडत राहायची. आई आंधळी झाली आहे हे मला कित्येक वर्षं नीट जाणवलंच नाही, आणि त्याचं कारण ते भगदाड होतं. मी मात्र ते श्रेय स्वतःकडे घेत होतो. चारचौघांत सांगायचो, आईला आम्ही काही कमी पडू देत नाही.

पुढच्या महापुरात पाणी माळ्याला लागलं आणि गल्लीचा धीर सुटला. पाणी ओसरल्यावर चिखल उपसता उपसताच बिल्डर आला. इस्लामपूरकडचा, ऊसवाल्या घरचा, पांढऱ्या शर्टाचा. चिखलात उभा राहूनही त्याच्या बुटाला चिखल लागला नव्हता, यावरूनच आमच्या लोकांनी ओळखलं की माणूस कर्तबगार आहे. खाली पार्किंग ठेवू, तो म्हणाला, पूर आला तरी गाड्या भिजतील, माणसं कोरडी राहतील. गल्लीत चारचाकी एकच यायची, सुभेदारांच्या जावयाची, तीही दिवाळीला. तरी पार्किंग ऐकून सगळ्यांच्या माना हलल्या. लिफ्ट, चोवीस तास पाणी, भिंतीतून बाहेर न दिसणाऱ्या वायरी. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या वायरी दिसण्यात गेल्या होत्या आणि ते आमचं दुःख आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

मारुतीच्या देवळात सभा भरली. बिल्डरनं नकाशा पसरला आणि म्हणाला, "आपण असं करू. आत्ता घरं ज्या क्रमानं हाईत त्याच क्रमानं फ्लॅट देऊ. शेजारी शेजारीच राहत्याल. म्हाताऱ्या माणसांना बरं पडंल."

 आमच्या गल्लीला कुणी आपणहून चांगलं काही द्यायला लागलं की आधी खिसा चाचपायची सवय. हा एवढा प्रेमळ का? पूर्वेकडचे फ्लॅट कुणाला लावलेत यानं? आतून कुणाशी ठरलंय? लोक एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा मी उठलो. मी कुपवाडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. एक नट द्यायचा तरी सही घेणारा माणूस. मी मुठी आवळून म्हणालो, "असं चालायचं न्हाई. आमच्या गल्लीची रीत हाय. चिठ्ठ्या टाका!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या भाषणाला आयुष्यात टाळ्या पडल्या त्या तेवढ्याच. बिल्डर हसला, म्हणाला तुमची मर्जी. त्याचा काही डाव नव्हता हे मला नंतर कळलं. तो बिचारा एकदाच खरोखर चांगलं वागायला निघाला होता आणि आम्ही त्याला तशी संधीच दिली नाही.

काकी बायकांच्या घोळक्यातून पुढं आल्या. आईला त्या आक्का म्हणायच्या. "आरं, पण आक्काच्या शेजारी मीच असंन न्हवं?"

"काकी, नियम म्हंजे नियम," मी म्हणालो. टाळ्यांची धुंदी अजून उतरली नव्हती.

पुढच्या रविवारी आई ठेवणीतलं लुगडं नेसून देवळात बसली. मांडीवर स्टीलचा डबा. सुभेदार घरांची नावं क्रमानं पुकारत होते आणि आई एकेक चिठ्ठी काढून देत होती. आमच्या नावाला चिठ्ठी निघाली: ए विंग, चौथा मजला, नदीकडची बाजू. लोकांनी माझी पाठ थोपटली, कुणी पेढे मागितले. लगेच काकींचं नाव आलं. बी विंग, पहिला मजला, मागची बाजू, जिथं विजेची डीपी होती. काकींच्या शेजारचा फ्लॅट सुभेदारांना लागला. सगळ्या चिठ्ठ्या संपल्यावर आईनं विचारलं, "काकी कुठं आली?" मी सांगितलं. तिनं पुन्हा एकदा डब्यात हात घातला आणि बोटांनी तळ चाचपून बघितला.

इमारत उभी राहिली. तिचं नाव इंग्रजीत आहे आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आम्ही अजून जुन्या गल्लीचंच नाव सांगतो. दोन विंगांना दोन लिफ्ट. आमच्याकडून काकींकडे जायचं तर लिफ्टनं खाली यायचं, पार्किंग ओलांडायचं आणि दुसऱ्या लिफ्टनं वर जायचं. गाड्या आता सगळ्यांकडे झाल्यात. जागा रिकामी ठेवली तर शेजारचा आपली लावेल, या भीतीनंच निम्म्यांनी घेतल्या.

सोसायटीचे अध्यक्ष अर्थात सुभेदार. त्यांनी नोटीस बोर्ड लावला. दारात चपला काढू नयेत. गच्चीवर वाळवण घालू नये. जिन्यात मोठ्यानं बोलू नये. ही शेवटची नोटीस त्यांनी सगळ्यांना जिन्यात उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवली. व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला. समोरासमोर राहत होतो तेव्हा ज्यांच्याशी पन्हाळीच्या पाण्यावरून तीन वर्षं अबोला होता, ती माणसं आता रोज सकाळी मला गुलाबाचं फूल पाठवतात. मीही पाठवतो. त्यांच्यातलं कुणी वारलं तर मला ग्रुपवरच कळेल आणि मी हात जोडल्याचं चित्र टाकीन.

काकींनी पेपर सोडला नाही. सुरुवातीला फोनवरून वाचायच्या. पण डीपीकडच्या बाजूला रेंज यायची नाही. नेमकं वय वाचलं की आवाज तुटायचा आणि मागं कोण कोण आहे ते आईला कळायचंच नाही. ती दिवसभर हळहळायची, "त्या कवलापूरच्या बाईचं अर्धंच राहिलं बघ." मग काकी स्वतः यायला लागल्या. लिफ्टची त्यांना धास्ती, गुडघे दुखरे. तरी कठड्याला धरत चार मजले चढायच्या. वॉचमन दर महिन्याला नवा. एकानं त्यांना अडवून वही पुढं केली. कुणाकडे जायचं, काय काम. काकी म्हणाल्या, "लिही, मेलेली माणसं वाचायला." त्यानं लिहिलं 'धुणंभांडी'. मी ते वहीत बघितलं तेव्हा हसलो होतो, आणि त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

सहा-एक महिन्यांनी सुभेदार घरी आले. चहा संपवला आणि म्हणाले, "गड्या, सरळ बोलतो. डीपीच्या आवाजानं आमच्या मंडळींचं डोकं उठतंय. त्यांना नदी पायजे. तुझ्या आईला काकी पायजे. बदलू या की. कागद करायचा तर करू, न्हाई तर नुसत्या किल्ल्या देऊ-घेऊ."

बायको आतून म्हणाली, "देऊन टाका. मला काय, ओटा दोन्हीकडं सारखाच हाय."

मी म्हणालो, "बघू."

मराठीत 'नाही' म्हणायचे जेवढे सभ्य प्रकार आहेत त्यात 'बघू'चा नंबर पहिला. यात 'नाही' म्हटल्याचं पाप लागत नाही आणि 'हो' म्हटल्याचा खर्च येत नाही. गणपती होऊ देत, मग बघू. दिवाळी जाऊ दे. मार्चमध्ये आमच्याकडे मालाची मोजदाद असते, ती होऊ दे. सुभेदारांना मी कागदपत्रांची भीती घातली, बायकोला सामान हलवायची घातली. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही. खरं कारण होतं खिडकी.

माझी पन्नास वर्षं अशा खोलीत गेली होती जिची खिडकी शेजारच्या मोरीवर उघडायची. आणि इथं खिडकी उघडली की घाट, पाणी, होडी, पलीकडच्या काठावरचा ऊस, आणि संध्याकाळी त्या सगळ्यावर पडलेला तांबूस उजेड. कारखान्यातली माणसं मी मुद्दाम घरी चहाला बोलवायचो. पडदा असा सरकवायचो की नदी जणू मीच खणून घेतली आहे. ती माणसं म्हणायची, साहेब, नशीबवान आहात. तिकडं आई पलंगावर बसून दहा वाजायची वाट बघायची. तिला मी एकदाही विचारलं नाही की आपण बदलायचं का. विचारलं असतं तर ती काय म्हणेल हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही.

उन्हाळ्यात एका सकाळी काकी आमच्याकडे यायला निघाल्या असताना पार्किंगमध्ये एक गाडी मागे येत होती. गाडी लागली नाही. पण घाबरून बाजूला होताना काकी चाकं अडवायच्या दगडाला अडखळल्या आणि मनगट मोडलं. संध्याकाळी त्यांचा मुलगा साताऱ्याहून आला. तिथं नोकरीला आहे, त्याचाही फ्लॅटच आहे.

"आता हितं तुला एकटीला ठेवायची न्हाई," तो म्हणाला. "हितं तुझ्याजवळ हाय कोण?"

"आक्का हाय की."

"आक्का चौथ्या मजल्यावर. ती येणार हाय व्हय तुला उचलायला?"

मी तिथंच उभा होतो. यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ एक वाक्य होतं आणि त्याला नऊ महिने उशीर झाला होता. तरी मी काकींच्या घरातून बाहेर पडल्याबरोबर शेजारचं सुभेदारांचं दार वाजवलं. म्हणालो, "आवं सुभेदार, बदलू या. उद्याच बदलू. मी किल्ली घिऊनच आलोय."

सुभेदारांनी दार पूर्ण उघडलं. या माणसाला मी आयुष्यभर जाड घडीवरून चिडवलं होतं. "आता कशाला रं?" ते एवढंच म्हणाले आणि त्यांनी मला आत बसवून पाणी दिलं.

साताऱ्याला जायच्या दिवशी काकी वर आल्या. हात प्लास्टरमध्ये, काखेत पेपर. मुलगा खाली गाडीत थांबला होता. एका हातानं पान उलटता येईना, तेव्हा आईनं पेपरचं एक टोक धरलं. त्या दिवशी चारच निधन वार्ता होत्या. काकींनी त्या सावकाश, एकेक नातेवाईक मोजत वाचल्या.

"सातारला पेपर येतो का गं?" आईनं विचारलं.

"येतो की."

"पर तिथली मेलेली आपल्या वळखीची नसत्याल."

"व्हय," काकी म्हणाल्या. "त्येच तर."

त्या गेल्यावर पेपर वाचायचं काम मी घेतलं. चार दिवस आईनं ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी म्हणाली, "तू बिल वाचल्यावानी वाचतोस. ऱ्हाऊ दे. त्यापरीस तुझ्या खिडकीतनं काय दिसतं त्ये सांग. त्येच्यापायी सुभेदाराला नगं म्हणलास न्हवं?"

मी पेपरची घडी घातली. सुभेदारांच्या मंडळींनी तिला पहिल्याच आठवड्यात सगळं सांगितलं होतं. म्हणजे ते नऊ महिने ती रोज मी काही बोलतो का याची वाट बघत होती, आणि मी पडदा सरकवत होतो. मी म्हणालो, "आई, चुकलं माझं." ती म्हणाली, "चुकलं तर चुकलं. आता दिसतंय त्ये तरी सांग. एकट्यानं किती बघशील?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी कारखान्यातून आलो की मी तिच्या पलंगाजवळ खुर्ची ओढतो आणि नदी सांगतो. सुरुवातीला मला दोन मिनिटांच्या वर सांगता यायचं नाही. पाणी आहे, होडी आहे, ऊस आहे, संपलं. मग ती प्रश्न विचारायला लागली. पाण्याचा रंग कसा हाय? घाटावर कोण बसलंय? बाई हाय का बापय? एकटीच का? वर्षभर खिडकीपाशी उभं राहून जे मला दिसलं नव्हतं ते आईला सांगण्यापायी दिसायला लागलं.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या आणि घाटाच्या मधली लाकडाची जुनी वखार पाडली. तिथं पूररेषा आहे की नाही यावर सांगलीत जितकी माणसं तितकी मतं आहेत. बिल्डरचं मत एकच होतं. तिथंही खाली पार्किंग, वर सात मजले. पहिल्या स्लॅबला घाट गेला. तिसऱ्याला होडी आणि पाणी. पाचव्याला पलीकडचा काठ गेला, आणि आता माझ्या खिडकीसमोर, काठी लांब केली तर पोचेल एवढ्यावर, राखाडी भिंत आहे. तिच्यात एक बारीक झडपांची खिडकी आहे, बहुतेक कुणाच्या तरी बाथरूमची.

हे आईला सांगायचं मी रोज ठरवतो. काल संध्याकाळी समोरच्या परांचीवर उभा राहून एक गवंडी प्लास्टर करत होता. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो.

"आज पाणी किती हाय?" आईनं विचारलं.

"घाटाच्या चार पायऱ्या बुडाल्यात," मी म्हणालो.

"आन् होडी?"

"पल्याड लागलीया. दोघं जण उतरत्यात."

गवंड्यानं थापी भिंतीवर ओढली. तो आवाज आईलाही आला असणार. महिनोन्‌महिने तिला ठोकाठोक ऐकू येते, खिडकीतून वारा येईनासा झालाय तोही तिला कळतो, आणि त्याबद्दल ती मला एक शब्द विचारत नाही. मी गवंड्याकडे बघत राहिलो.

"का थांबलास?" ती म्हणाली. "सांग की."

मी पलीकडच्या काठावरचा ऊस कसा तुऱ्यावर आलाय ते सांगायला लागलो.